आधी घरातला प्लग, मग प्रोसेसर

घरासाठी नवा डेस्कटॉप घ्यायचं ठरलं की दोन तट पडतात. एक म्हणतो, नावाजलेल्या कंपनीचा तयार संच आणा, पावती जपून ठेवा आणि कामाला लागा. दुसरा म्हणतो, भाग निवडून आणू, घरीच जोडू, त्याच पैशांत चांगलं मिळेल. वाद किमतीवर सुरू होतो आणि किमतीवरच संपतो. मधल्यामध्ये खरा प्रश्न राहून जातो. हे यंत्र पुढची सात-आठ वर्षं ज्या घरात चालायचं आहे, ते घर कसं आहे? भंडारा जिल्ह्यातल्या घराबद्दल बोलायचं, तर मे महिन्यात पंचेचाळीसच्या आसपास जाणारा पारा आहे, धानाच्या मळणीची धूळ आहे, पावसाळ्यातल्या विजा आहेत, मधूनच जाणारी लाइन आहे आणि अडलं की गाठावं लागणारं नागपूर आहे. माझ्या मते कॉम्प्युटरची योजना इथून सुरू व्हायला हवी.

तथ्य दोन्ही बाजूंना आहे. म्हणून त्या बाजू इथे दोन माणसांच्या तोंडी देतो. मामाजी भंडाऱ्याचे, निवृत्त शिक्षक. भाची साकोलीची, नागपुरात अभियांत्रिकी शिकणारी. कॉम्प्युटर यायचा आहे तो साकोलीच्या घरी.

मामाजी: माझं म्हणणं साधं आहे. कंपनीचा तयार संच घेतला की एक पावती, एक फोन नंबर आणि जबाबदारी एकाची. तू चार दुकानांतून आठ भाग आणशील. उद्या पडदा काळा झाला, तर रॅमवाला म्हणेल मदरबोर्ड बघा, मदरबोर्डवाला म्हणेल एसएमपीएस बघा. तेव्हा तू नागपुरात, पुढे नोकरीला पुण्यात. साकोलीत तुझ्या आईनं कोणाच्या दारात जायचं?

भाची: प्रश्न खरा आहे, मामाजी. त्याचं उत्तर सापडल्याशिवाय मी एकही भाग आणणार नाही. पण आधी काम काय आहे ते ठरवू. आईला शाळेची माहिती भरायची असते. बाबांना सातबारा बघायचा असतो, धानाच्या नोंदणीचे कागद चढवायचे असतात. धाकट्याचा अभ्यास असतो आणि सुट्टीत मला प्रोग्रामिंग आणि थोडं व्हिडिओचं काम. यातल्या एकाही कामाला महागडं ग्राफिक्स कार्ड लागत नाही. तरी दुकानात शिरलं की बोलणं प्रोसेसरपासून आणि रंगीत दिव्यांच्या कॅबिनेटपासून सुरू होतं. पैसे तिथे संपतात आणि वीज पुरवणारा एसएमपीएस उरलेल्या पैशांतला, कुठलाही, गळ्यात पडतो.

मामाजी: आणि हे सगळे वेगवेगळ्या कंपन्यांचे भाग एकमेकांत बसतील, याची खात्री कोणी द्यायची?

भाची: ती खात्री चाळीस वर्षांपूर्वीच मिळाली आहे. १९८१ मध्ये आयबीएमनं आपला पर्सनल कॉम्प्युटर काढला, तेव्हा प्रोसेसर इंटेलचा घेतला आणि ऑपरेटिंग सिस्टिम मायक्रोसॉफ्टची. आतली तांत्रिक माहितीही छापून दिली. मग कॉम्पॅकसारख्या कंपन्यांनी त्याच्याशी जुळणारी यंत्रं बनवली आणि सुट्या भागांचा बाजार उभा राहिला. १९९५ मध्ये इंटेलनं एटीएक्स हे माप ठरवून दिलं. मदरबोर्डचे स्क्रू कुठे येतील आणि एसएमपीएस कुठे बसेल, हे त्यातून ठरलं. आज एका कंपनीचा बोर्ड दुसऱ्या कंपनीच्या कॅबिनेटमध्ये बसतो, तो त्यामुळे. उलट काही कंपन्यांच्या तयार संचांत एसएमपीएस आणि मदरबोर्ड त्यांच्याच मापाचे असतात. वॉरंटी संपल्यावर तो एक भाग गेला, तर भंडाऱ्यातच काय, नागपुरातही सहज मिळत नाही.

आणि भाग जोडून मोठं काम होतं, हे आपल्या विदर्भाच्याच माणसानं दाखवलं आहे. विजय भटकर अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे. अमेरिका प्रगत सुपरकॉम्प्युटर द्यायला तयार नव्हती, तेव्हा त्यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सी-डॅकनं १९९१ मध्ये परम ८००० उभा केला. त्यातले ट्रान्सप्युटर नावाचे प्रोसेसर इनमॉस या ब्रिटिश कंपनीचे, विकत घेतलेले होते. ते मोठ्या संख्येनं एकत्र कसे राबवायचे, ती रचना आणि ते सॉफ्टवेअर आपल्या लोकांचं होतं.

मामाजी: भटकरांचं नाव घेतलंस म्हणून सांगतो. सी-डॅक ही १९८८ मध्ये स्थापन झालेली संस्था. एक अभियंता रजेवर गेला तर दुसरा काम पुढे नेईल, अशी तिथे व्यवस्था होती. कोणता भाग कुठला, कोणती तार कुठे गेली, याची नोंद होती. तुझ्या साकोलीच्या घरात ती व्यवस्था कुठे आहे? सगळं तुझ्या डोक्यात. तू बस धरलीस की ते ज्ञानही तुझ्याबरोबर गेलं.

भाची: हे मात्र मला मान्य करावं लागेल. ते मनात ठेवते आणि त्याच्याकडे पुन्हा येते. पण तुमच्या तयार संचाबद्दलही एक विचारते. त्याच्या आतलं डोकं कंपनीचं. बाहेरची वीज कोणाची?

मामाजी: म्हणजे?

भाची: आपल्या जुन्या कॉम्प्युटरच्या कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात. सगळे म्हणतात, कॉम्प्युटरच खराब. एसएमपीएसमध्ये गोंगाट गाळणारे दोन छोटे कॅपॅसिटर असतात, एक फेजपासून पत्र्याला आणि एक न्यूट्रलपासून पत्र्याला. तिथून पाझरणारा अगदी बारीक प्रवाह अर्थिंगच्या तारेतून जमिनीत जावा, अशी योजना असते. अर्थिंगच नसेल, तर पत्रा अधांतरी राहतो आणि त्याच्यावर निम्म्या दाबाची, म्हणजे सव्वाशेच्या आतली, वीज येऊन बसते. तीच हाताला जाणवते. मग तुम्ही सर्वांत महागडा संच आणा, झिणझिण्या तशाच. तीन पिनांच्या प्लगमधली जाड पिन वायरमध्ये जोडलेली आहे का, एक्स्टेन्शन बोर्डात तिसरी तार आहे का, अंगणातल्या अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात ओल राहते का, हे वायरमनकडून मोजून घ्यायचं. माझ्या यादीत पहिला खर्च हाच आहे.

मामाजी: हे पटलं. आणि हे तयार संच घेणाऱ्यालाही तितकंच लागू आहे.

भाची: अगदी. दुसरा खर्च एसएमपीएस. साध्या घरगुती कॉम्प्युटरला काम करताना शंभरेक वॅट पुरतात, कधी त्याहून कमी. पण शेतीपंप सुरू-बंद होतात तशी वीज वर-खाली होते. त्या धक्क्यांपुढे स्वस्त एसएमपीएस टिकत नाही आणि जाताना कधी मदरबोर्डही घेऊन जातो. म्हणून ८० प्लस प्रमाणपत्राचा, चांगल्या कंपनीचा, साडेचारशे वॅटच्या आसपासचा घ्यायचा. अशा कित्येक एसएमपीएसवर पाच वर्षांची वॉरंटी असते. ते प्रमाणपत्र वीज वाया किती जाते एवढंच सांगतं, मजबुती सांगत नाही. म्हणून कंपनी आणि वॉरंटी दोन्ही बघायच्या. तिसरा खर्च यूपीएस. त्यावर ६०० व्हीए लिहिलेलं असतं, पण वॅटचा आकडा शोधून बघायचा. तो बहुधा ३६० च्या आसपास असतो. घरी इन्व्हर्टर असेल, तर त्याच्या मागच्या बाजूला यूपीएस मोडचं बटण असतं का ते बघायचं. ते लावलं की लाइन गेल्यावर बदल इतक्या लवकर होतो की कॉम्प्युटर बंद पडत नाही.

मामाजी: एवढा खटाटोप करण्यापेक्षा लॅपटॉप का नाही? बॅटरी त्याच्या पोटातच. लाइन गेली तरी दोन-तीन तास काम चालतं. वीज कमी खातो. वीज चमकायला लागली की प्लग काढून आतल्या खोलीत नेता येतो.

भाची: एकट्या माणसाला, फिरतीवर असणाऱ्याला, लॅपटॉपच बरा. मी नागपुरात तोच वापरते. पण हे यंत्र चार जणांचं आहे आणि एका जागी राहायचं आहे. लॅपटॉपचा कीबोर्ड बिघडला की अर्धं यंत्र खोलावं लागतं. पुष्कळ नव्या लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डालाच चिकटवलेली असते, ती वाढवता येत नाही. डेस्कटॉपचा कीबोर्ड गेला, तर साकोलीच्याच बाजारातून नवा आणून लावता येतो. आणि आपला उन्हाळा लक्षात घ्या. प्रोसेसरचं तापमान म्हणजे खोलीचं तापमान अधिक त्याची स्वतःची उष्णता. भरपूर कामात तो खोलीपेक्षा ४५ अंश वर जातो असं धरा. पुण्यातल्या २५ अंशांच्या खोलीत तो ७० वर राहील. नवतपात आपल्या ४५ अंशांच्या खोलीत तोच ९० वर जाईल. शंभराच्या अलीकडे-पलीकडे प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. लॅपटॉपच्या चपट्या अंगात हवेला वाटच थोडी असते. डेस्कटॉपमध्ये मोठा हीटसिंक बसतो, समोरून एक पंखा थंड हवा आत घेतो आणि मागचा गरम हवा बाहेर टाकतो.

मामाजी: मग कूलरसमोर ठेवला की झालं.

भाची: तीच तर आपल्या विदर्भातल्या घरांतली मोठी चूक. कूलरची हवा ओली असते आणि तिच्याबरोबर पाण्याचे बारीक थेंब आणि क्षारही येतात. बोर्डावर धूळ आधीपासून असते, तिला ओल मिळाली की गंज धरतो. कूलर खोलीला हवाच, पण कॉम्प्युटर त्याच्या झोताच्या आड ठेवायचा. भिंतीपासून वीतभर लांब आणि टेबलावर, जमिनीवर नाही. जमिनीवर धूळ जास्त, मुंग्या-उंदीर जास्त, आणि पुराचं तर तुम्हाला सांगायला नको.

मामाजी: नको सांगूस. २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेचं पाणी भंडाऱ्याच्या वस्त्यांत शिरलं, तेव्हा लोकांनी आधी माणसं काढली. सामानाचा विचार नंतर. त्यानंतर मला एक कळलं. यंत्र भिजलं तर यंत्र नवं येतं. फोटो आणि कागद येत नाहीत.

भाची: म्हणून माझ्या यादीत एक बाहेरची हार्ड डिस्क आहे, आणि ती साकोलीच्या घरी राहणार नाही. महिन्याला एकदा तिच्यात सगळं उतरवायचं आणि ती तुमच्याकडे भंडाऱ्यात ठेवायची. एक प्रत यंत्रात, दुसरी दुसऱ्या गावात.

मामाजी: ती जबाबदारी घेतली. बरं, आता तुझ्या लाडक्या प्रोसेसरचं सांग. पाच मुद्द्यांनंतर त्याचा नंबर आला, हे मला आवडलं.

भाची: सहा कोरचा, पोटात ग्राफिक्स असलेला प्रोसेसर. इंटेलचा आय-५ १२४०० किंवा एएमडीचा रायझन ५ ५६००जी. दोन्ही काही वर्षांचे जुने झाले, पण आपल्या कामाला पुरून उरतात आणि फार तापत नाहीत. इंटेलच्या नावापुढे एफ असेल, तर त्यात ग्राफिक्स नसतं. स्वस्त पडतो म्हणून लोक तो आणतात आणि वेगळं कार्ड नसल्यानं पडद्यावर काहीच येत नाही. मग साधी हार्ड डिस्क न घेता एनव्हीएमई एसएसडी. जुनं यंत्र सुरू व्हायला जो वेळ लागतो, त्यातला बराचसा तिथेच वाचतो. रॅमचं मात्र गणित बदललं आहे. २०२५ च्या शेवटच्या महिन्यांत तिचे भाव भराभर चढले, कारण मेमरी बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या एआयच्या डेटा सेंटरकडे माल वळवायला लागल्या. म्हणून १६ जीबीची एकच पट्टी घ्यायची, दुसरी जागा मोकळी ठेवायची आणि भाव उतरले की भरायची. जुन्या यंत्रात डीडीआर ४ रॅम असेल, तर ती चालणारा बोर्ड घेऊन तीच वापरता येते.

मामाजी: आता माझा मुद्दा ऐक. जुनं यंत्र काय वाईट आहे? नवं घ्यायलाच हवं का?

भाची: विंडोज १० ला मिळणारी नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली आणि आपला जुना प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नाही. बँकेची आणि सरकारी कामं त्याच्यावर करणं बरं नाही. पण त्याला भंगारात नाही टाकायचं. एसएसडी लावून लिनक्स टाकलं, तर धाकट्याच्या अभ्यासाला ते अजून काही वर्षं चालेल. आणि नव्यावर विंडोज टाकायचं असेल, तर परवान्याचे पैसे आधीच हिशेबात धरायचे. चोरीचं विंडोज घरात आणायचं नाही, हे मी ठरवलं आहे.

मामाजी: हे शिक्षकाच्या घरात शोभेल. तयार संचात परवाना बहुधा आधीच येतो, हेही तू मान्य कर.

भाची: केलं. किमतीची तुलना करताना लोक तेच विसरतात आणि जोडलेला संच आहे त्याहून स्वस्त वाटतो.

मामाजी: आता प्रत्यक्ष जोडणी. तू करणार कशी?

भाची: कॅबिनेटला एसएमपीएस लावून त्याचा प्लग अर्थिंगच्या सॉकेटात घालायचा, बटण बंद ठेवून. आपल्याकडच्या सॉकेटात बटण फेज तोडतं, अर्थिंग जोडलेलंच राहतं. अधूनमधून पत्र्याला हात लावला की अंगावरची स्थिर वीज उतरते. थंडीच्या कोरड्या दिवसांत हे जास्त सांभाळायचं. मदरबोर्ड आधी त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवायचा. प्रोसेसरच्या कोपऱ्यावरचा छोटा त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवायचा. तो आपोआप बसतो, जोर लावायचा नाही. थर्मल पेस्ट तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी जास्त, त्यावर हीटसिंक. एक पट्टी रॅम. एवढ्यावरच एसएमपीएसच्या तारा तात्पुरत्या लावून, पडदा जोडून, बटण चालू करून बघायचं. इथे चित्र आलं, तर पुढचा बिघाड शोधणं सोपं होतं. मग बटण बंद करून, तारा काढून, कॅबिनेटमधले पितळी खुंट बोर्डाच्या भोकांशी जुळवून बोर्ड बसवायचा. एकही खुंट फाजील राहिला आणि बोर्डाच्या पाठीला टेकला, तर शॉर्ट होतो. शेवटी एसएमपीएसची चोवीस पिनांची मोठी तार आणि प्रोसेसरजवळची आठ पिनांची पुन्हा लावायची, आणि समोरच्या बटणांच्या बारीक तारा. त्या तारांचा नकाशा बोर्डाच्या पुस्तिकेत असतो.

मामाजी: तुला येतं, याबद्दल शंका नाही. माझा पहिला प्रश्न मात्र उभाच आहे. तू नसताना काय?

भाची: त्यावर तुम्हीच मघाशी उत्तर दिलं. नोंद. एक वही करते. प्रत्येक भागाचं नाव, क्रमांक, कुठून घेतला, कधी घेतला, वॉरंटी कधी संपते आणि कोणाकडे मागायची. पावतीची शाई उडते, म्हणून फोटोही. प्रत्येक तारेला चिठ्ठी.

मामाजी: वही पुरणार नाही. वही वाचणारं माणूस हवं. माझी एक अट ऐक. भाग तू निवड, तूच आण. जोडणी मात्र साकोलीतल्या दुरुस्ती करणाऱ्या माणसाला घरी बोलावून, त्याच्यासमोर कर. त्याची मजुरी मी देतो. उद्या काही झालं, तर त्यानं ते यंत्र आतून पाहिलेलं असेल. आणि ताईला, म्हणजे तुझ्या आईलाही, बाजूला बसव. धूळ काढणं आणि रॅम काढून परत बसवणं तिनं स्वतःच्या हातानं एकदा केलं पाहिजे.

भाची: हे मी लगेच मान्य करते. पण मग तुमच्या घरी कॉम्प्युटर घ्यायची वेळ आली, तर?

मामाजी: मी कंपनीचाच घेईन. माझ्या वयाला एक फोन नंबर पुरतो. फक्त आता दुकानदाराला तीन गोष्टी विचारीन. एसएमपीएस नेहमीच्या मापाचा आहे का? रॅमला जागा मोकळी आहे का? झाकण उघडलं तर वॉरंटी जाते का? आणि पैसे देण्याआधी वायरमनला बोलावीन.

मामाजी आणि भाचीचा मतभेद शेवटी मिटला नाही, आणि मिटायची गरजही नाही. दोघांची घरं वेगळी आहेत, घरातली माणसं वेगळी आहेत. तयार संच घेणं म्हणजे जबाबदारी विकत घेणं. जोडून घेणं म्हणजे ती जबाबदारी स्वतः शिकून उचलणं. दोन्ही रास्त आहेत, जोवर घेणाऱ्याला आपण काय करतोय हे माहीत आहे.

माझं स्वतःचं मन भाचीच्या बाजूनं झुकतं, पण मामाजींच्या अटीसह. भंडारा, तुमसर, पवनी, साकोली, लाखांदूर या गावांतल्या कॉम्प्युटर दुकानांत शिकलेले, मेहनती हात आहेत. त्यांना बहुधा कामं मिळतात ती बिघडल्यानंतरची. योजना करतानाच त्यांना सोबत घेतलं, तर मजुरीही गावात राहील आणि जाणकारीही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तो हक्क कागदावरून घरात यायचा, तर आधी घरातल्या एका तरी माणसानं झाकण उघडून आत पाहिलेलं असलं पाहिजे. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, पण कचरा खऱ्या अर्थानं कमी होतो तो एक भाग बदलून अख्खं यंत्र वाचवलं तेव्हा.

म्हणून जो कोणी या वर्षी घरासाठी कॉम्प्युटरचा विचार करत असेल, त्यानं दुकानात जाण्याआधी एक दिवस घराला द्यावा. वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावं, टेबलाची जागा ठरवावी, कूलरचा झोत कुठे येतो ते बघावं, आणि गावात कोणाला बोलावता येईल त्याचं नाव लिहून ठेवावं. प्रोसेसरची चर्चा त्यानंतर निवांत करता येते.